सात नंबरची लाइन

घड्याळवालीच्या दुकानात हल्ली घड्याळं फारशी येत नाहीत, फोनच येतात. पण पाटीवर घड्याळ रंगवलेलं आहे आणि लोकांच्या तोंडीही तेच नाव बसलंय. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. काचेचं दार, खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटे, घड्याळाची भोकं साफ करायच्या टोकदार लाकडी काड्या. टेबलामागे पडदा, पडद्यामागे घर. गिऱ्हाइकाची पाठ वळते न वळते तोच आतून सासूबाईंचा प्रश्न येतो, "काय बिघडलं होतं गं त्याचं?"

त्या दुकानाचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे सासूबाईच.

सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. एका गावचा फोन दुसऱ्या गावाला हाताने जोडून द्यायचा तो काळ. अख्ख्या शहराची भांडणं, लग्नं, आजारपणं त्यांच्या हाताखालून गेली. त्यामुळे आपलं बोलणं कुणी ऐकत नसेल या गोष्टीवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. "मला नका शिकवू," त्या म्हणायच्या. "मी स्वतः मध्ये बसलेली होते."

म्हणून त्यांचा फोन वेगळा होता. विटकरीएवढा जाड. कडेला तीन बटणं, दाबायची नव्हेत, खटका असलेली खरीखुरी बटणं. एक कॅमेरा आणि माइकचं, एक मोबाइल नेटवर्कचं, एक वाय-फाय आणि ब्लूटूथचं. खटका खाली केला की त्या भागाची वीजच तुटायची. आतले भागही सुटे. मोबाइल नेटवर्कचं कार्ड वेगळं, वाय-फाय-ब्लूटूथचं वेगळं, आपापल्या खाचेत बसवलेलं; बिघडलं की काढावं, दुसरं लावावं. शिवाय प्रत्येक स्क्रूवर सासूबाईंनी चमकीच्या नेलपॉलिशचा ठिपका दिलेला असे. चमकीचे कण कसे पडलेत त्याचं चित्र त्या एका वहीत काढून ठेवत आणि महिन्यातून एकदा चष्मा लावून ताडून बघत. कुणी स्क्रू उघडला तर ठिपका मोडणार, आणि तसाच्या तसा ठिपका पुन्हा देणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. जन्मात कधी नखं न रंगवलेली ही बाई नेलपॉलिश विकत घ्यायला जाई तेव्हा दुकानातल्या पोरी एकमेकींकडे बघून हसत. सासूबाईंना त्याचं काही वाटत नसे.

हे वेड नव्हतं, त्यामागे एक गोष्ट होती. ती घड्याळवालीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, एकोणीस वर्षांच्या असताना, सासूबाई एक लाइन जोडून देऊन बाजूला व्हायच्या ऐवजी कान देऊन बसल्या. एक मुलगी आईला रडत सांगत होती की ठरलेलं लग्न मला नको. जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंनी ते चारचौघींत हसत हसत सांगितलं. आठ दिवसांत बातमी मुलाकडच्यांपर्यंत पोचली. त्या मुलीचं पुढे काय झालं ते सासूबाईंना कधीच कळलं नाही. बातमी पोचली त्या संध्याकाळी लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या एक्स्चेंजमधून एक आवाज आला, "नऊ नंबर, आपल्याला जोडायला ठेवलंय, ऐकायला नाही." एक्स्चेंजमध्ये बायकांना नावं नसायची, बोर्डावरच्या जागेचा नंबर असायचा. सासूबाई नऊ नंबर. ती दुसरी सात नंबर.

त्या बोलण्यातून भांडण व्हायचं ते राहिलं बाजूला, झाली मैत्री. ती पन्नास वर्षं टिकली. आणि या पन्नास वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं! दोन-तीनदा भेटायचं ठरलं आणि दरवेळी काहीतरी आडवं आलं. शेवटी सात नंबरनेच सांगून टाकलं, "चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस, आवाज आहे ना?" नोकऱ्या संपल्या, एक्स्चेंज बंद पडली, पण दर गुरुवारी दुपारी चारला दोघी बोलायच्या. दोघींनी तसले खटक्यांचे फोनही मिळूनच घेतले होते. बोलणं सुरू व्हायचं ते जुन्याच रीतीने. पलीकडून, "नऊ नंबर, लाइन कशी?" इकडून, "स्वच्छ." कुणाचा घसा बसला असेल तर त्यांच्याकडे त्यालाही रीत होती: पेन्सिलने माइकवर टकटक. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे लाइन स्वच्छ. सर्दीची रजा मिळायची नाही त्या काळातली युक्ती.

तीस वर्षं कानाला हेडफोन, त्यामुळे सासूबाईंचे कान आता गेलेच होते. दोन्ही कानांत यंत्रं. समोरचा माणूस बोलला तर ठीक, पण फोन नुसता कानाला लावला की गुणगुणण्यापलीकडे काही कळेना. फोनचा आवाज ब्लूटूथवरून थेट यंत्रांत यायचा, तेव्हा कुठे शब्द कळायचे. आणि नेमकं तेच बंद पडलं.

एका गुरुवारी सकाळी फोनने वाय-फाय दाखवणं सोडलं, ब्लूटूथही सोडलं. कार्ड गेलं, असं घड्याळवालीने जाहीर केलं आणि सावकाश दुसरं बघू म्हणाली. सासूबाईंचा एक गुरुवार बुडाला. पण मोबाइल नेटवर्कचं कार्ड वेगळं असल्यामुळे लिहिलेले निरोप येत होते, आणि सोमवारी सकाळी सात नंबरचा निरोप आला. सासूबाईंनी तो वाचला आणि फोन न बोलता सुनेच्या टेबलावर ठेवला.

"शुक्रवारी सकाळी घशाचं ऑपरेशन. आवाज जाणार, परत येणार नाही. गुरुवारी चारला ये. गप्पा मारू."

घड्याळवालीने तो दोनदा वाचला. तिने दारावर 'बंद'ची पाटी उलटी केली.

"आई, आजपासून फक्त हेच काम."

पहिला घोळ त्याच दुपारी झाला. सुट्या भागांच्या दुकानदाराकडे लॅपटॉपमधलं एक कार्ड मिळालं. तीच लांबी, तीच रुंदी, तशीच खाच. "खाच बसली की झालं, वहिनी," तो म्हणाला. कार्ड खाचेत असं बसलं जणू तिथलंच होतं, आणि फोनला त्याचा पत्ताही लागला नाही. फोनच्या लेखी ती खाच रिकामीच.

"असं कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"खाच तीच, पण आतल्या तारा वेगळ्या. लॅपटॉपचं कार्ड ज्या तारांवरून बोलतं त्या या फोनमध्ये ओढलेल्याच नाहीत."

"म्हणजे प्लग बोर्डात बसला, पण मागे लाइनच नाही."

"अगदी तसंच."

"मग असं सरळ सांग ना," सासूबाई म्हणाल्या. असल्या बाबतीत त्यांना समजावणं सोपं होतं.

हे फोन वापरणाऱ्या लोकांनी चालणाऱ्या कार्डांची एक यादी इंटरनेटवर करून ठेवली होती. त्यातलं एक कार्ड सगळ्यांनी नावाजलं होतं. घड्याळवालीने एक खराब निघालं तर दुसरं हाताशी असावं म्हणून दोन मागवली. बुधवारी सकाळी ती आली. फोनने नवं कार्ड ओळखलं, पण ते जागं होईना. त्याला चालू होताना स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लागायचा, तो फोनमध्ये नव्हता. तो शोधून आणला. आता सासूबाई आडव्या आल्या.

"तो प्रोग्राम वाचलाय कुणी?"

"नाही. कंपनीने बंद पाकिटात दिलाय."

"मग तो काय काय ऐकेल ते कुणाला माहीत?"

"आई, खटका खाली केला की कार्डाची वीज जाते. उपाशी कार्ड काय ऐकणार?"

सासूबाईंनी विचार केला. "आणि खटका पुन्हा वर केला की उठेल?"

"उठायला हवं." हे काही छातीठोक उत्तर नव्हतं. यादीत दोघांनी लिहिलं होतं की हे कार्ड कधीकधी उठत नाही.

प्रोग्राम घातला. कार्ड जागं झालं. घड्याळवालीने आनंदाने टाळी वाजवली, आणि तेवढ्यावरच आनंद संपला. कार्ड जागं होतं, पण त्याला जगात काहीच दिसत नव्हतं. दोन हातांवर घरातला राउटर होता, तो दिसेना. कानातली यंत्रं दिसेनात. दुसरं कार्ड लावलं. तेही तसंच ठार आंधळं. भिंग लावून तिने दोन्ही कार्डांचा कण न् कण पाहिला, खाच पाहिली, प्रोग्राम पुन्हा घातला. कार्डावर अँटेनाच्या दोन बारीक तारा टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवायच्या असतात, त्या टक्कन बसत होत्या. सोमवारी जुन्या कार्डावरून काढताना त्या जरा चिवटपणे निघाल्या होत्या, एवढंच. बऱ्याच दिवसांनी निघतायत, चिवट असणारच, असं ती तेव्हा मनात म्हणाली होती. यादीतल्या सगळ्यांकडे चालणारं कार्ड आपल्याच टेबलावर का रुसावं, ते काही तिला उमजेना. संध्याकाळपर्यंत ती इतकी वैतागली की छापखान्यातून आलेल्या नवऱ्याने नुसतं "झालं का?" विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली.

नवरा गरीब बिचारा. त्याने आईपुढे स्वतःचा फोन धरला. "आई, एक दिवसाचा प्रश्न आहे. यंत्रं याला जोडू. तुझं बोलणं होऊन जाईल."

"तुझ्या फोनला बटण आहे का?"

"नाही."

"त्यात किती खेळ आहेत?"

"आहेत सात-आठ."

"त्यातले किती माइक मागतात?"

नवऱ्याने फोन मागे घेतला. मागेल त्याला हो म्हणायचं, हा त्याचा स्वभाव फोनच्या बाबतीतही होताच.

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं आमच्या मध्ये तिसरा कान नाही. शेवटच्या दिवशी मी आणणार नाही."

घड्याळवालीला त्यांचा राग आला, आणि मनातून अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यामुळे ती उठून भांडी घासायला गेली.

गुरुवार उजाडला. सकाळभर तिने जे काही उलटंपालटं करता येईल ते केलं. दुपारचे अडीच वाजले. तीनला पाच मिनिटं असताना पडदा सरला आणि सासूबाई आल्या. केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी, जसं काही कुणी भेटायलाच येणार होतं. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि टेबलाकडे न बघता म्हणाल्या,

"त्याला फोन कर. म्हणावं, तुझा फोन घेऊन घरी ये."

"आई..."

"मी विचार केलाय. ती तिकडे चार वाजता वाट बघत बसेल. माझ्या तत्त्वापायी तिने एकटीने बसायचं का?" त्यांनी पदराआडून नेलपॉलिशची एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "ही पण ठेव तुझ्याकडे. माझ्या वेडांचा तुला फार त्रास झाला."

सासूबाईंना कुणापुढे हरलेलं घड्याळवालीने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिला बघवेना. तिने नवऱ्याला फोन केला, ये म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून ती बाटली हातात घेऊन उगाच फिरवत राहिली. फिरवता फिरवता तिच्या लक्षात आलं की बाटलीत चमकी नाही. पाण्यासारखी पारदर्शक होती ती.

"ही साधी कशी? तुमची चमकीची असते ना?"

"संपत आली होती. जेमतेम स्क्रूंपुरती उरली. म्हणून त्या दोन तारांना ही लावली."

"कुठल्या दोन तारांना?"

"अगं, त्याच त्या, टिचकीच्या बटणांच्या. मागे तूच म्हणालीस ना, नखाने उचलल्या तरी निघतात? मला झोप येईना त्या विचाराने. कुणीही येऊन उचलेल. मग मी उघडून दोन्हींच्या फटीत चांगले चार-चार थेंब सोडले आणि स्क्रू लावून टाकले."

"कधी?"

"कालच्या नाही, त्याच्या आदल्या बुधवारी." सासूबाई बोलता बोलता थांबल्या. "गुरुवारी सकाळी बंद पडला."

घड्याळवालीने भिंग डोळ्याला लावलं आणि तार उलटी करून तिच्या टोकाची ती मोहरीएवढी टोपी उजेडाकडे धरली. आत, मधोमध, जिथे धातूला धातू टेकायला हवा, तिथे दुधाच्या सायीसारखा एक पातळ पापुद्रा चमकत होता. दुसऱ्या टोपीतही तोच. तीन दिवस तिने जे जे बदललं ते सगळं तपासलं होतं, आणि या दोन तारा तेवढ्या बदलायच्या नव्हत्या म्हणून कार्डावरून कार्डावर तशाच उचलून लावल्या होत्या. आंधळं कार्ड नव्हतं, त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती, आणि ती पट्टी ती स्वतःच्या हाताने दर वेळी नव्याने बांधत होती! तिने स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या हासडल्या की सासूबाईंनी ऐकल्या असत्या तर यंत्रं काढून ठेवली असती.

"आई, नेलपॉलिश काढायचं पाणी आहे?"

"माझ्याकडे कुठलं? मी फक्त लावते."

शेजारच्या शिवणवालीकडे होतं. सासूबाई स्वतः आणायला गेल्या, चपला न घालता. सव्वातीन. घड्याळवालीने लाकडी काडीला चाकूने टोक काढलं, ते त्या पाण्याच्या थेंबात बुडवलं, आणि श्वास रोखून टोपीत फिरवू लागली. घाई केली तर आतली पिन वाकणार, आणि पिन वाकली की सगळं संपलं. वीस वर्षं मनगटी घड्याळांची भोकं साफ करून हात तयार झाला होता, तो आज कामी आला. पापुद्रा आधी पांढरा झाला, मग सुरकुतला, मग काडीच्या टोकाला चिकटून अखंड बाहेर आला. दुसरा तुकड्यांतुकड्यांत निघाला. त्याला दहा मिनिटं जास्त लागली.

टक्. टक्. दोन्ही तारा बसल्या. फोन सुरू झाला.

फोनच्या पडद्यावर आधी काहीच आलं नाही. मग एक नाव आलं, घरच्या राउटरचं. मग शिवणवालीचं, वरच्या मजल्यावरच्यांचं, समोरच्या केशकर्तनालयाचं, भराभर अकरा नावं. आणि त्याखाली, सासूबाईंच्या कानातली यंत्रं. डावं. उजवं.

"जोडलं!" घड्याळवाली ओरडली. सासूबाईंनी दचकून दोन्ही कानांवर हात ठेवले, कारण यंत्रांत जोडल्याची खूण वाजली होती. मग त्या हसल्या. आठ दिवसांनी पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात नवरा धापा टाकत दारात हजर. हातात फोन पुढे धरलेला. "आई, आणलाय! सगळे खेळ काढून टाकले, सगळे!"

"शहाणा माझा बाळ तो," सासूबाई म्हणाल्या. "आता तो बाहेर ठेवून ये."

चारला आठ मिनिटं कमी होती. आणि या बाईने काय करावं? तिने फोन हातात घेतला आणि वाय-फायचा खटका सरळ खाली केला.

"आई! अहो काय करताय!"

"बंद होतं का बघायला नको?"

अकराच्या अकरा नावं गेली. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली आणि खटका वर केला. काही झालं नाही. घड्याळवालीला यादीतले ते दोघे आठवले. नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. पाच सेकंद. दहा. सासूबाईंचा अंगठा खटक्यावरून हलत नव्हता. चौदाव्या सेकंदाला घरच्या राउटरचं नाव आलं, मागोमाग बाकीची वरात, आणि यंत्रांत ती खूण वाजली.

"चांगलं आहे कार्ड," सासूबाई म्हणाल्या. "ठेवू या."

चार वाजता फोन वाजला तेव्हा घड्याळवाली नवऱ्याला दंडाला धरून रस्त्यावर घेऊन गेली आणि तिने काचेचं दार ओढून घेतलं. त्याआधी तिला एवढं मात्र ऐकू आलं: "स्वच्छ. अगदी स्वच्छ. बोल." पुढचा सव्वा तास दोघं नवरा-बायको स्वतःच्याच दुकानाबाहेर पायरीवर बसून होती. काचेतून सासूबाई दिसत होत्या. हातवारे करत होत्या, मध्येच टेबलावर थाप मारून खो खो हसत होत्या, मध्येच पदर डोळ्यांना लावत होत्या. एकोणीस वर्षांची मुलगी एक्स्चेंजमध्ये कशी बसत असेल ते घड्याळवालीला पहिल्यांदा दिसलं.

दार उघडून सासूबाई बाहेर आल्या. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"आवाज तस्साच आहे तिचा," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि तिला मी खरं सांगितलं, की लाइन मीच तोडली होती. इतकी हसली, इतकी हसली की खोकला आला तिला."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. ठीक झालं, असा निरोप आला. घड्याळवालीने फोनचं झाकण बसवताना स्क्रूंवर नव्या चमकीचे ठिपके द्यायला सासूबाईंना मानाने बोलावलं आणि तारांना हात लावायचा नाही असं बजावलं. सासूबाईंनी निमूट ऐकलं. जुनं कार्डही तिने सहज तपासलं. ते ठणठणीत होतं. ते तिने डबीत जपून ठेवलं.

पुढच्या गुरुवारी जेवणं झाल्यावर सासूबाई पुन्हा इस्त्रीची साडी नेसून येऊन बसल्या. घड्याळवालीच्या मनात आलं, आवाजच नाही तर फोन कसला? पण चारच्या ठोक्याला फोन वाजला. ती उठून दाराकडे निघाली.

सासूबाई ऐकत होत्या. बराच वेळ काही नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उजळत गेली.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "सात नंबर, स्वच्छ ऐकू येतंय. पेन्सिल पण तीच वाटतं, कडक शिशाची?" थांबल्या. "दुखतंय का फार?" थांबल्या. "खोटं बोलू नकोस."

घड्याळवालीचा हात दाराच्या कडीवर होता.

"अगं, थांब," सासूबाई तिला म्हणाल्या, आणि मग फोनमध्ये, "सात नंबर, आमची घड्याळवाली इथे आहे. लाइन तिने जोडून दिली. तिला ऐकू देऊ का?"

पलीकडून काय आलं ते फक्त सासूबाईंना कळलं. त्यांनी आवाज यंत्रांतून काढून मोकळा केला आणि फोन सुनेपुढे टेबलावर ठेवला.

टक्. टक्. टक्.

घड्याळवाली फोनवर वाकली आणि जमेल तितक्या मोठ्याने म्हणाली, "स्वच्छ."